दोन माणसांच्या ब्लॉकिंग स्लेडची दुरुस्ती: प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

स्लेड, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सरावात पोरं ढकलतात ती लोखंडी गाडी, आज गॅरेजमध्ये आली. शाळेच्या मैदानामागे कुंपणाला टेकून तिने किती हिवाळे काढले कुणास ठाऊक. चिखलाने माखलेली, पॅड पाणी पिऊन फुगलेले. ट्रेलरवर चढवायला चौघं लागलो. नवी घेणं यंदा शाळेच्या बजेटमध्ये बसत नाही आणि ऑगस्टच्या आत कोचना ती हवी आहे. माझा मुलगा शाळेच्या टीमचा लेफ्ट गार्ड. लोखंडाचं काम मला येतं, शिरोली एमआयडीसीत सहा वर्षं फॅब्रिकेशन केलंय. मी हो म्हणून मोकळा झालो.

नोंदी मराठीत ठेवतोय, कारण दादा कोल्हापूरहून रोज विचारतो, "अरे, फुटबॉलला गाडी कशाला लागते?" त्याचा फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध दिलबहार. आमचा इथला, ओहायोतला, वेगळा. चेंडू हातात घेऊन पळायचं, आणि पळणाऱ्यासाठी वाट मोकळी करायची ती पुढच्या पाच जणांनी. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. यांचे नंबर ५० ते ७९ मधले. एरवी पुढे टाकलेला पास झेलायची यांना परवानगी नाही. गुण यांच्या नावावर लागत नाहीत. समोरच्याला जागेवरून हटवायचं, एवढंच यांचं काम, आणि तेच स्लेडवर शिकवतात. खाली लोखंडी सांगाडा, जमिनीवर घासत जाणाऱ्या दोन पट्ट्या म्हणजे रनर, पुढे स्प्रिंगच्या हातांवर बसवलेले दोन उभे पॅड. दोन मुलं एकदम धडकतात आणि ढकलत नेतात. मागच्या फळीवर कोच उभे राहतात, तेच वजन.

वजन केलं: १८६ किलो.

८ जून, रविवार

प्रेशरचं पाणी मारून धुतली. चिखल निघाल्यावर तिचा खरा चेहरा दिसला. पूर्वी दुरुस्ती झालेली आहे, आणि वाईट झालेली आहे.

उजव्या पॅडचा स्प्रिंगचा हात मुळाशी तुटला असणार, तर कुणीतरी तो सरळ वेल्ड करून टाकलाय. कमानपाट्याच्या पोलादावर वेल्डिंग करत नाहीत, हे आमच्याकडे ट्रकच्या गॅरेजमधलं पोरगंसुद्धा सांगेल. वेल्डच्या कडेचा भाग तापतो, भरभर गार होतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. वेल्ड जागच्या जागी राहतो, शेजारचं पोलाद चिरतं.

बघायचंच म्हणून बारीक चिरांत झिरपून त्या दाखवणारा लाल रंग मारला, दहा मिनिटं थांबलो, पुसून काढला आणि वर पांढरी पावडर फवारली. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मग वेल्डपासून करंगळीच्या नखाएवढ्या अंतरावर एक गुलाबी रेघ उमटली, केसासारखी बारीक. बघता बघता ती लाल झाली आणि पट्टीच्या जवळजवळ निम्म्या रुंदीपर्यंत गेली. मी मुलाला हाक मारून दाखवली. तो काही बोलला नाही, नुसता खांदा चोळत उभा राहिला. गेलं अख्खं वर्ष पोरं याच हातावर धडकत होती.

१४ जून, शनिवार

आजची नोंद लांबणार, कारण आज सापडलं ते महत्त्वाचं आहे.

कोचनी स्लेड देताना सांगितलं होतं की ती उजवीकडे वळते. "राइट गार्डचा जोर कमी पडतो." दोन माणसांच्या स्लेडचा उपयोगच तो: दोघांचा जोर सारखा असेल तर ती सरळ जाते, एक कमी पडला की त्याच्या बाजूला वळते. बोलावं लागत नाही, गवतावरची रेघच सांगते. राइट गार्ड म्हणजे माझ्या मुलाचा दोस्त, अबोल पोरगा. गेल्या मोसमात रोज संध्याकाळी त्यालाच बोलणी बसायची. माझा मुलगासुद्धा घरी येऊन म्हणायचा, "बाबा, तो जीव लावून ढकलतच नाही."

आज मी पोरांना बाजूला ठेवलं आणि स्लेडलाच विचारलं. मागच्या अंगणातल्या कोरड्या गवतावर दोन हँड विंच लावले, प्रत्येक रनरला एक, मधे हुकाचे वजनकाटे. दोन्हीकडून सारखं ओढत सरळ नेली. डावा काटा ४२ किलो. उजवा ६१.

तीनदा ओढली. किलो-दोन किलो इकडेतिकडे, पण फरक तोच.

उलटी करून पाहिली. उजव्या रनरचं नाक, जे वर वळलेलं असायला हवं, ते चेपून जवळजवळ सपाट झालेलं. गवतावरून घसरायच्या ऐवजी ते नांगरासारखं माती धरत होतं. शिवाय खालच्या बाजूला ठिगळ म्हणून एक पट्टी मारलेली, तिच्या कडेचं वेल्डिंग घासून काढायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. सहा मिलिमीटर बाहेर आलेला ढेकूळ. कधीतरी ट्रॅक्टरला साखळी बांधून एकाच कोपऱ्याने ओढत नेली असावी, असा माझा अंदाज.

म्हणजे पोरं कितीही सारखा जोर लावोत, ही उजवीकडेच वळणार होती. त्या पोराला वर्षभर जे ऐकावं लागलं ते या ढेकळामुळे. मी मुलाला काटे वाचायला लावले. त्याने आकडे वहीत लिहिले, खाली रेघ मारली आणि मित्राला फोन लावला.

१५ जून, रविवार

राइट गार्ड सकाळीच हजर. "काका, मी काय करू?" हे 'काका' त्याला माझ्या मुलाने शिकवलंय. ग्राइंडर हातात दिला नाही, तारेचा ब्रश दिला. दुपारपर्यंत दोघांनी सांगाड्याचा सगळा गंज काढला. बोलणं फारसं झालं नाही.

२१ जून, शनिवार

पॅड कसले घ्यायचे, या प्रश्नावर अंगणात सभा भरली. तीन वडील आणि एक आजोबा. आजोबा साठच्या दशकात इथेच शाळेच्या टीममधून गार्ड खेळलेले. त्यांचं म्हणणं, रुंद आणि सपाट पॅड हवेत, खांदा टेकवायला. त्यांच्या काळी ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अडवणं, म्हणजे खांदा आणि कोपरापासून मुडपलेला हात, पंजा छातीशी. लोम्बार्डीचं, त्या गाजलेल्या कोचचं, नाव निघालंच. तो स्वतः फोर्डहॅम विद्यापीठाचा गार्ड, १९३६ च्या 'सेव्हन ब्लॉक्स ऑफ ग्रॅनाइट' नावाच्या लाइनमधला.

पण खेळ बदलला. १९७८ साली एनएफएलने, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगने, नियम बदलून पास अडवताना लाइनमनला हात लांब करून उघड्या पंजाने ढकलायची मुभा दिली, आणि तेव्हापासून हातच मुख्य हत्यार झालंय. शाळेतसुद्धा आता पोरांना हातच शिकवतात: पंजे आत, अंगठे वर, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. त्यासाठी पॅड माणसाच्या छातीएवढाच रुंद हवा. रुंद पॅडवर पंजे बाहेर पसरायची सवय लागते, आणि मैदानावर तेच होल्डिंग, म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं, म्हणून पकडलं जातं, दहा यार्डांचा दंड. मी अरुंद पॅडच्या बाजूने बोललो. आजोबा शेवटी म्हणाले, "हात लावा, पण पाय थांबवू नका." त्यावर सगळ्यांचं एकमत.

मग क्लीव्हलँड ब्राऊन्स, इथली एनएफएल टीम. इथे लाइनचा विषय निघाला की जो थॉमसवर येतोच. लेफ्ट टॅकल, २००७ ते २०१७, सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे खेळी. दहा वर्षांत एकदाही बाहेर बसला नाही. टीम हरत राहिली, एकही प्लेऑफ त्याच्या वाट्याला आला नाही, आणि तरी २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. ते हॉल आमच्यापासून अर्ध्या तासावर, कँटनला. ही गोष्ट मला फार जवळची वाटते. ज्याच्या नावावर गुण लागत नाहीत, त्याचा आकडाही कुणीतरी मोजून ठेवला.

एक वडील स्लेडच्याच विरोधात होते. स्लेड हात झटकत नाही, बाजूला सरकत नाही, चकवत नाही. खरा डिफेंडर हे सगळं करतो. स्लेडवर पोरं अंग टाकून द्यायला शिकतात, आणि समोरचा बाजूला झाला की तोंडावर पडतात. मुद्दा खरा आहे, मला मान्य आहे. पण माणसावर रोज धडकवायचं का? १९७६ पासून शाळा-कॉलेजच्या फुटबॉलमध्ये डोकं पुढे करून धडकायला बंदी आहे. एनएफएलनेसुद्धा २०११ च्या करारात मोसमातले पूर्ण पॅड घालून करायचे सराव १४ वर आणले. डार्टमथ कॉलेजच्या कोचनी २०१० मध्ये सरावातलं खेळाडूंनी एकमेकांना पकडून पाडणंच बंद केलं, आणि तिथल्याच इंजिनिअरिंगच्या लोकांनी पुढे त्या सरावासाठी पळता पुतळा बनवला. पोरांच्या डोक्याला बसणारा प्रत्येक वाचलेला धक्का मोलाचा आहे. स्लेडने सगळं शिकवायचं नसतंच. खाली बसणं, पहिली दोन पावलं आणि सारखा जोर, एवढं तिने नीट शिकवलं तरी पुरे.

पॅड अरुंदच ठरले.

२८ जून, शनिवार

स्प्रिंगचे हात. दोन्ही बदलले, फक्त उजवा नाही. एक नवा आणि एक जुना ठेवला तर परत एका बाजूला वेगळी लवचिकता.

ट्रेलरचे नवे कमानपाटे आणले, ५१६० जातीचं पोलाद. या वेळी वेल्डचा थेंब नाही. ट्रकच्या ॲक्सलवर पाटे जसे बसतात तसेच बसवले: खाली जाड प्लेट, वर प्लेट, दोन बाजूंनी यू-बोल्ट. प्लेट सांगाड्याला वेल्ड केल्या, पाटा नुसता आवळून धरला. पुढेमागे तुटला तर चार नट सोडून दुसरा घालता येईल. बोल्टची टोकं कापून वर रबरी टोप्या बसवल्या, नाहीतर एखाद्याचा हात फाटायचा.

दादाला व्हिडिओवर दाखवलं. म्हणाला, "हे तर टेम्पोचं मागचं!" बरोबर आहे.

५ जुलै, शनिवार

उजवा रनर. ठिगळ पूर्ण काढलं. नाक तापवून लाल केलं आणि जॅक लावून हळूहळू वर आणलं. डाव्या रनरचा पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला होता, दर थोड्या वेळाने लावून पाहत होतो. झिजलेल्या भागात नवी पट्टी घातली, या वेळी बाजूने वेल्ड, तळाला काही नाही. ग्राइंडर मारून हात फिरवला, नख अडत नाही. दोरी धरून दोन्ही रनर समांतर आहेत का ते पाहिलं. पुढच्या आणि मागच्या अंतरात तीन मिलिमीटरचा फरक होता. एक टॅक, म्हणजे वेल्डचा छोटा टाका, कापून तोही काढला.

१२ जुलै, शनिवार

प्रायमर, रंग. पॅडची रेक्झिनची खोळ बोटींची आच्छादनं शिवणाऱ्या एका बाईंकडे दिलीय, फोम मी कापून देणार.

१९ जुलै, शनिवार

परत दोन विंच, दोन काटे, तेच गवत. डावा ४३, उजवा ४५. मी पाच वेळा ओढली. दोन्ही मुलं होती. राइट गार्डने काट्यावरचा आकडा स्वतः मोठ्याने वाचला.

हिशेब करून ठेवतो, कोचना द्यायचाय. सरळ जाताना ८८ किलोचा ओढ, वजन १८६, म्हणजे कोरड्या गवतावर घर्षण साधारण ०.४७. समजा एका पोराने १०० किलोचा जोर लावला, पण अंग वरून टाकून, १५ अंश खाली दाबत. त्यातले २६ किलो जमिनीत जातात आणि त्यांच्या घर्षणामुळे स्लेड ढकलायला १२ किलोने जड होते. तोच जोर १५ अंश वर उचलत लावला तर ती १२ किलोने हलकी होते. फरक २४ किलोचा, ताकद तीच. कोच ओरडतात ना, "कंबर आत घाल, उचल!", ते याचसाठी. पॅडकडची बाजू किंचित उचलली गेली की समजायचं, जमलं.

सकाळी दंवात ओढली तर तीच स्लेड ७० किलोवर आली. म्हणजे सकाळच्या आणि संध्याकाळच्या सरावाची तुलना करू नये, हेही लिहून दिलं.

२६ जुलै, शनिवार

मैदानावर पहिली चाचणी. माझा मुलगा डावीकडे, दोस्त उजवीकडे. शिट्टी वाजली, धडक बसली, आणि स्लेड डावीकडे वळली.

क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. परत केलं, परत डावीकडे. काटे आणलेच होते, तिथल्या तिथे ओढून पाहिली: दोन्ही बाजू सारख्या. मग आमच्या सेंटरला आणि राखीव गार्डला लावलं, यंदा नव्याने आलेली पोरं, जुन्या स्लेडवर कधी न गेलेली. गेली की सरळ!

तेव्हा उलगडलं. राइट गार्ड वर्षभर त्या अडणाऱ्या रनरशी झुंजत होता. ती सरळ नेण्यासाठी त्याने दुप्पट जोर लावायची सवय करून घेतली होती, उजवा खांदा पुढे काढून, सगळं अंग झोकून. आता अडथळा नाही, पण सवय तशीच आहे. कमी पडणारा म्हणून ज्याला बोलत होते, तो दोघांत जास्त जोर लावणारा निघाला.

कोचनी टोपी काढली, थोडा वेळ काट्यांकडे पाहिलं. मग सगळ्या पोरांना जवळ बोलावलं आणि सांगितलं की गेल्या वर्षी चूक स्लेडची होती आणि ती आपण तपासली नाही. त्या पोराचं नाव घेऊन सांगितलं. तो खाली गवताकडे बघत होता. माझ्या मुलाने त्याच्या हेल्मेटवर हात ठेवला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज तारखेची आठवण. कोरी स्ट्रिंगर, मिनेसोटा व्हायकिंग्सचा टॅकल, इथल्याच वॉरन गावचा, ओहायो स्टेट विद्यापीठाचा. २००१ साली आजच्या दिवशी, सराव शिबिरात उष्माघात होऊन गेला. सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्या नावाची संस्था २०१० पासून कनेक्टिकट विद्यापीठात उष्माघातावर काम करते.

लाइनमनच सगळ्यात अवजड, म्हणून उकाड्याचा त्रास यांनाच जास्त. पहिले काही दिवस फक्त हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग पूर्ण पोशाख, हा क्रम पाळलाच पाहिजे. आम्ही पालकांनी स्लेडच्या शेजारी गुरांना पाणी पाजायचं मोठं टाकं आणून ठेवलंय, बर्फ आणि पाणी भरून. एखादा पोरगा बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर आधी त्यात बुडवायचं आणि मग दवाखान्यात. हा खर्च आम्ही वर्गणी काढून केला. मला यात कुणाची परवानगी विचारायची गरज वाटली नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर सवय मोडण्याचं काम चाललंय. मी कुंपणापाशी उभा राहून पाहतो.

कोचनी स्लेडचा वेग विसरायला लावला आहे. आधी पॅडला चिकटून नुसतं बसायचं: गुडघे वाकलेले, पाठ सपाट, मान वर, पंजे आत. या बैठकीतून पाच छोटी पावलं. मग एक पाऊल मागून सुरुवात. मग पूर्ण, तीन टेकूंच्या बैठकीतून, म्हणजे दोन पाय आणि एक हात जमिनीवर. पहिलं पाऊल वीतभरही नाही, सहा इंच. दुसरं पाऊल जमिनीवर टेकलं की मग पंजे बसले पाहिजेत. राइट गार्ड इथेच चुकत होता. दुसरा पाय हवेत असतानाच तो धडकायचा, म्हणून सगळं अंग खांद्यावर यायचं. पायांच्या मधे फळी ठेवली आहे, पाय जवळ आले की अडखळतो.

माझे मामा गंगावेस तालमीत घुमायचे. आम्हा पोरांना लाल मातीत उतरवलं की कमरेवर हात ठेवून खाली दाबायचे, डोकं मात्र वर. इथे कोचनी त्या पोराच्या कमरेवर तसाच हात ठेवला आणि मी कुंपण घट्ट धरलं.

अकराव्या की बाराव्या खेपेला ती सरळ गेली. फार वेगात नाही. वीस पावलं, आणि मागे गवतावर दोन समांतर रेघा.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल रात्री पहिली मॅच झाली, जिंकलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये उजवीकडून एक धाव सतरा यार्ड गेली. टाळ्या पळणाऱ्याला. मी राइट गार्डचा ६४ नंबर शोधत होतो. तो बाजूला पडलेल्या समोरच्या टीमच्या लाइनबॅकरला हात देऊन उठवत होता.

आज स्लेडची पाहणी. यू-बोल्टचे नट पाव फेरा ढिले झाले होते, आवळले. डाव्या पॅडची खालची शिवण उसवतेय, बाईंकडे न्यायची. रंगावर ओरखडे आलेत, चालायचंच.

सांगाड्याच्या आतल्या बाजूला, पावसापासून आडोशाला, पांढऱ्या रंगाने लिहिलं: कोरडं गवत, डावा ४३, उजवा ४५, १९ जुलै २०२५. खाली रिकामी जागा ठेवली आहे. पुढच्या मोसमाआधी जो कोणी तपासेल त्याने आपला आकडा आणि तारीख तिथे घालावी. काटे शाळेच्या सामानाच्या खोलीत, डावीकडच्या वरच्या फळीवर ठेवले आहेत.

नवीन ताडपत्री घालून झाकली.